दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

माझ्या मावशीला ताल सांभाळता येत नाही, असं एका गृहस्थाने मासिकात छापलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होते, नाहीतर त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पंधराव्या वर्षी ते कात्रण हाती लागलं तेव्हा मी त्याला चार पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. बरंच झालं. त्याच्या कानांविषयी मी काय काय लिहिलं होतं ते आईला कळतं, तर माझी धडगत नव्हती.

मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते. रस्त्यापासून दोन पायऱ्या उतरून तिचं दुकान. कुणी मशीन आणून ठेवलं की ती हत्याराला हात लावत नाही. गिऱ्हाइकालाच म्हणते, "चालवा जरा," आणि टेबलावर तळहात टेकवून उभी राहते. अर्ध्या मिनिटात सांगते, पट्टा सैल आहे की सुई आत कुठे घासतेय. सत्तरीला आली, पण तिचं निदान चुकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. अशा बाईला म्हणे ताल नाही.

तेविसाव्या वर्षी ती एका बँडमध्ये ड्रम वाजवायची. चौघीजणी, औषधाला पुरुष नाही. तेव्हा न्यू वेव्ह म्हणून जे संगीत आलं होतं, तुटक गिटार, खेळण्यासारखा वाजणारा सिंथेसायझर आणि कुणाची भीडभाड न ठेवणारे शब्द, ते या पोरींनी उचललं आणि एकच अल्बम काढला. कव्हरवर चौघी पांढऱ्या कोटात, केस एकमेकींनीच कापलेले, आणि बघतायत अशा की फोटो काढणाऱ्यालाच आपलं काही चुकलं की काय वाटावं. एका गाण्यात फोनची वाट बघून वैतागलेली बाई शेवटी फोनच खिडकीबाहेर फेकते. दुसऱ्यात लिफ्टमध्ये अडकलेली मुलगी सुटका झाल्यावरही बाहेर यायला तयार नसते. मला तो अख्खा अल्बम तोंडपाठ आहे. आजही लावला की मी हातातलं काम टाकून बसते. त्यांच्या हिमतीचं मला फार कौतुक आहे, आणि ते मी लपवत नाही.

गोची एकच, रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. त्याच्या शेवटच्या कडव्यात ड्रम धावत सुटतात. बहिऱ्यालाही कळेल असे. मासिकवाला नेमका त्यावरच घसरला होता. नातेवाईक तरी कुठे सोडतात? घरात कुणी भराभर जेवायला लागलं की हमखास कुणीतरी म्हणणार, "अरे, मावशीचं तिसरं गाणं झालं तुझं." मावशी हसायची आणि भाजी वाढून घ्यायची. माझ्या मात्र डोक्यात जायचं.

तीन वर्षांपूर्वी तो अल्बम पुन्हा काढायचं ठरलं आणि त्याच्या कामाला एक रेकॉर्डिंगवाली बाई दुकानात आली. मी मुद्दाम रजा काढून हजर होते.

"शेवटचं कडवं कॉम्प्युटरवर सरळ केलंय," ती म्हणाली. "आता कुणाला नावं ठेवायला जागा नाही. तुम्ही हो म्हणालात तर हेच घेऊ."

मावशीच्या आधी मीच हो म्हणून मोकळी झाले. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

मावशीने हेडफोन लावून नवं ऐकलं. मग जुनं लावायला सांगितलं. तेही ऐकलं आणि म्हणाली, "जुनंच राहू द्या."

मी जी भडकले, ती विचारू नका. रेकॉर्डिंगवाली बिचारी "मी जरा चहा घेऊन येते" म्हणून बाहेर सटकली.

"मावशी, चाळीस वर्षं लोक तुला हसतायत. आज पुसून टाकायची संधी आली, तर तुझं हे काय?"

"आधी बस. आणि नवं ऐक. माझं नको, चिमणीचं ऐक."

चिमणी म्हणजे त्यांची गाणारी. अंगाने एवढीशी म्हणून चिमणी, आवाज मात्र भिंती ओलांडणारा. मी ऐकलं. ताल आता अगदी शिस्तीत होता. पण त्याच्याबरोबर चिमणीचा आवाजही ताणला गेला होता. शेवटच्या लांबलचक ओळीत तो बारीक होत गेला, फाटला, आणि शेवटचा शब्द नुसती हवा होऊन निघाला.

"आम्ही चौघी एका खोलीत एकदमच वाजवायचो, सगळं एकाच टेपवर," मावशी सांगू लागली. "मी तिच्या मागे. तिचे खांदे बघून वाजवायचे. श्वास घेतला की खांदे वर जायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते सारखेच वर जायला लागले. ती ओळ एका श्वासाची, आणि मला दिसलं, हिचा श्वास काही पुरत नाही. थांबवलं असतं तर ती पुन्हा गायला उभी राहिली नसती, भारी मानी बाई. मग मी ओळच आखूड केली."

"म्हणजे धावलीस."

"धावले. बाकीच्या दोघी आल्या माझ्यामागे. बसली ओळ तिच्या श्वासात."

त्या रेकॉर्डिंगनंतर दोन महिन्यांनी चिमणीच्या घशातली गाठ काढली होती. नंतर तिचा आवाज कुजबुजण्यापुरताच उरला. ते तिचं शेवटचं गाणं.

"आणि तू तिला कधीच सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुझा श्वास पुरला नाही म्हणून?"

रेकॉर्डिंगवाली परत आली. जुनंच ठेवायचं कळल्यावर तिने विचारलं, पुस्तिकेत त्याचं काही कारण द्यायचं का.

"द्या की," मावशी म्हणाली. "ड्रमवालीचा हात सुटला."

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. मी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसणार नाही.

चिमणी गेल्या हिवाळ्यात गेली, म्हणून आज हे लिहितेय. तिला अल्बम मिळाला त्या दिवशी तिचा दुकानात फोन आला होता. मावशीचे हात तेलाने माखलेले, म्हणून फोन मीच तिच्या कानाशी धरला होता. कुजबुज मलाही ऐकू येत होती.

"तिसरं गाणं ऐकलं गं," चिमणी म्हणाली. "काय सुसाट सुटली होतीस. पण मी काही तुला सोडलं नाही हं. शेवटच्या शब्दापर्यंत गाठलं."

"गाठलंस बाई," मावशी म्हणाली. "दमले ती मीच."