फायनलच्या आधी मनीषाला कुणीतरी ओलांडलं

मनीषाची डावी पोटरी माझ्या हातात होती आणि तेवढ्यात एक परदेशी मुलगी तिच्या पायांवरून टांग टाकून निघून गेली. कानात हेडफोन, नजर समोर. तिला कळलंही नाही. मनीषाला कळलं. लोण्यासारखी मऊ झालेली ती पोटरी माझ्या बोटांखाली लाकूड झाली.

आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा होती आणि बायकांच्या उंच उडीची फायनल. मालिशची टेबलं सगळी भरलेली, म्हणून मी तिला शेडमध्ये जमिनीवरच मॅट टाकून झोपवलं होतं. पाय नेमके येण्याजाण्याच्या वाटेवर. थोड्या वेळात तिला कॉल रूमला जायचं होतं. कॉल रूम म्हणजे फायनलच्या मुलींना आधी एकत्र बसवतात ती खोली. ती आत गेली की आमचा हात तिच्या पायाला लागत नाही. आणि डावा तिचा टेक-ऑफचा पाय. सगळं अंग त्याच्याच जोरावर वर जातं.

मी भिसेगावची. आठवीत शाळा सुटली, मग आईच्या मागोमाग कर्जतमध्ये घरोघरी बाळंतिणी आणि बाळं चोळली. खालापूरकडच्या ट्रेनिंग सेंटरच्या कोच मॅडमनी माझा हात बघितला आणि मला टीमबरोबर घेतलं. ते उपकार फिटायचे नाहीत. पण घरापासून एवढ्या लांब आले की एकच धास्ती. आपलं काही चुकेल आणि 'हिला कुणी आणली?' हे मॅडमना ऐकावं लागेल.

मनीषा ठाकुरवाडीच्या बाजूची, डोंगरातल्या पाड्यावरची.

"ताई, ओलांडलं तिनं मला."

"चुकून गं. पाय ढिला सोड."

"आता वाढ नाय व्हायची."

"दाराच्या चौकटीला डोकं आपटतं तुझं. अजून किती वाढायचं हाय?"

"माझी नाय गं, उडीची!"

मी हसले. ती हसली नाही. आमच्याकडे निजलेल्या माणसाला ओलांडत नाहीत, पोराला तर नाहीच. त्याची वाढ खुंटते म्हणतात. चुकून ओलांडलंच, तर आलं तसं उलट पावली माघारी जायचं. मग काही नाही.

मॅडम आल्या. "झालं का?"

"पाय कडक झालाय, मॅडम."

"क्रॅम्प?"

"नाय. ओलांडलं तिला."

मॅडम पुण्याच्या. त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "धन्य आहात. पाय मोकळा कर तिचा. आणि त्या मुलीच्या वाटेला जाऊ नकोस हं. फायनलच्या तोंडावर त्रास दिला म्हणून तक्रार झाली, तर गळ्यातलं कार्ड काढून घेतील तुझं."

कार्ड नसेल तर आत पाऊल टाकता येत नाही. म्हणजे माझं काम तिथेच संपलं.

मी तेल घेतलं, अंगठा लावला, मूठ लावली. पोटरी ऐकेना.

"खोटं असतं गं ते सगळं," मी म्हटलं.

"मग माझ्या भाचीला चोळताना दाजींनी तिला ओलांडलं, तवा शिव्या घालून त्यांना माघारी का लावलंस?"

हात फडक्याला पुसले. मी उठले.

ती मुलगी बाकावर खिळ्यांचे स्पाइक्स बूट बांधत होती. शेजारी तिचा कोच, दांडगा, टकलू. मी हात जोडले. थँक्यूच्या पुढे मला इंग्रजी येत नाही. डावा पंजा आडवा धरला, त्याच्यावरून उजवी दोन बोटं चालवली. मनीषाकडे दाखवलं. मग बोटं उलटी चालवली. मुलगी नुसती बघत राहिली. कोच मात्र उठला आणि माझं कार्ड हातात धरून वाचायला लागला. तरी बोटं पुन्हा चालवली.

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, मॅटवरच्या मनीषाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग स्वतःच्याच पोरीवर असा खेकसला! भाषा कळली नाही, पण ओरडणं थेट आमच्या आईसारखं.

मुलीनं तोंडावर हात धरला. येऊन वाकली, मनीषाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी बोलली. मग पाठमोरी होऊन, एकेक पाय जपून उचलत, उलट पावली तिला ओलांडून माघारी गेली.

"शी गं ताई, लाज काढलीस," मनीषा दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. मी बोटं टेकवली. पोटरी मऊ.

उंच उडीत प्रत्येक उंचीला तीन चान्स. सलग तीन चुकले की बाहेर. मनीषा तिच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या उंचीला दोनदा बार पाडून बसली. तिसऱ्यांदा बार थरथरला आणि राहिला. त्याच्या वरची उंची ती आयुष्यात कधी उडाली नव्हती. ती पहिल्याच चान्सला गेली. त्याच्या पुढची मात्र तिन्ही वेळा हुकली. चौथी आली. त्या परदेशी मुलीला तिसऱ्या नंबरचं पदक मिळालं.

"गेली ना ती, मी हुकले त्या उंचीवरनं?" मनीषानं बाहेर आल्यावर आधी तिचंच विचारलं. "बरं झालं. मला वाटलं, माघारी जाताना तिचीच उडी खुंटली का काय."

बसमध्ये मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी मान खाली घातली.

"तक्रार झाली असती तर काय सांगणार होतीस?"

"काय सुचलंच नसतं, मॅडम."

"मी सांगणार होते, मीच पाठवलं होतं म्हणून."

मी खिडकीकडे तोंड केलं. डोळ्यांतलं त्यांना दिसू नये म्हणून.

तेव्हापासून कुठल्याही देशात गेले आणि टेबल मिळालं नाही, तर मी खेळाडूला भिंतीकडे पाय करून झोपवते. पोटरीला भाषण देऊन पटवण्यापेक्षा ते सोपं पडतं.