हळू बोललीस म्हणजे कोण गेलं?

"कोण गेलं? आगं बोल की! कोण गेलं?"

आबा, म्हणजे माझे वडील, गावी कुंडलमधून व्हिडिओ कॉलवर ओरडत होते आणि मी जर्मनीतल्या वसतिगृहात, डोक्यावरून रजई ओढून, फोन तोंडाशी धरून कुजबुजत होते, "आबा, कुणी न्हाई गेलं. मी मजेत हाय."

"मजेत हाईस तर हळू का बोलतीस?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडं फोनवर हळू बोलायचे प्रसंग दोनच. एक तर कुणी वारलेलं असतं, नाहीतर कुणाची पोरगी पळून गेलेली असते. एरवी एक माणूस उसाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला आणि मध्ये मोटरीची घरघर, असं आमचं बोलणं. त्यात आबा फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. त्यांनी बांधावरून "पाणी फिरीव रं" म्हटलं की शेजारच्या रानातलंही पाणी गुमान फिरतं. माझाही गळा त्याच कारखान्यातला. लहानपणी मी आईला हाक मारली की तिकडं मामाच्या गावी उंब्रजला एसटी थांबायची म्हणतात. म्हणते मीच, पण ते असो.

जर्मनीत मात्र रविवार म्हणजे मौनव्रत. त्या दिवशी तिथं कोंबडासुद्धा परवानगी काढून आरवतो. माझ्या शेजारच्या खोलीतला मुलगा तर सफरचंद चावायलाही सोमवारची वाट बघत असावा. आणि आबांना फुरसत रविवारीच. माझ्या फोनबद्दल वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंकडे दोनदा तक्रार गेली होती. तिसऱ्यांदा गेली की खोली खाली करायची, असं बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. त्या शहरात दुसरी खोली मिळणं म्हणजे ऐन हंगामात ऊसतोडीची टोळी मिळण्यासारखं. म्हणून हा कुजबुजण्याचा शहाणपणा.

त्याचं फळ लगेच मिळालं. आबांनी आईला हाक मारली, "आगं ये हिकडं, पोरगी हळू बोलतीया!" आई पदराला हात पुसत आली, रजईच्या अंधारातलं माझं तोंड बघितलं आणि तिनं हंबरडा फोडला. तो ऐकून शेजारची काकू आली. तिनं कारणही न विचारता सूर धरला. मागनं कुणीतरी म्हणालं, "उंब्रजच्या मामाला कळवा, गाडी घिऊन यील." गाडी घेऊन जर्मनीला? विचारायला सवडच नव्हती. तळहाताएवढ्या पडद्यात अर्धं कुंडल दाटीवाटीनं उभं होतं.

शेवटी माझाही बांध फुटला. रजई भिरकावली आणि पलंगावर उभी राहून ओरडले, "आवं आबा! मी धडधाकट हाय! हितं मोठ्यानं बोललं की खोली काढून घेत्यात!"

आईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"मग आधी असं बोलायचं की," आबा म्हणाले.

आणि दारावर टकटक झाली.

दारात व्यवस्थापक बाई. त्यांच्या मागं तो सफरचंदवाला. झाली तिसरी तक्रार, मी मनात म्हटलं. पण बाईंचाच चेहरा पांढरा पडलेला. "घरी कुणी गेलं का?" फोनमधली रडारड ऐकून आलेल्या बाईंनी अगदी मायेनं विचारलं.

"कुणी नाही," मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले. "मी हळू बोलले, म्हणून त्यांना तसं वाटलं."

बाईंनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तेवढ्यात आबांनी पडद्यातून कडक सलाम ठोकला. "गुड मॉर्निंग मॅडम! माय डॉटर! व्हेरी गुड गर्ल! नो प्रॉब्लेम!" खिडकीची तावदानं हलली. बाई एक पाऊल मागं सरकल्या आणि त्यांचाही हात आपसूक कपाळाला गेला.

मग त्यांनी निकाल दिला. तळघरात कपडे धुण्याची खोली आहे, तिचं दार जाड आहे, इथून पुढं घरचा फोन तिथूनच. आजचं धरत नाही. पण या खोलीतून पुन्हा असा आवाज आला तर सामान बांधायचं.

बाई गेल्यावर मी आनंदानं सांगितलं, "आबा, खोली वाचली! आता दर रविवारी मी तळघरात, कपडं धुवायच्या मशिनींजवळ उभी राहून बोलणार."

आबांनी जरा विचार केला.

"मशिनी चालू असत्यात?"

"व्हय, दिसभर. दार जाड हाय, म्हणून रविवारीबी चालत्यात."

"मग जरा मोठ्यानं बोलत जा," आबा म्हणाले.