श्रीसकट पाठवलेला कागद

नंदुरबारकडच्या आमच्या शाळेत दोनच मास्तरांनी टपालानं कॉम्प्युटरची भाषा शिकायचं खूळ डोक्यात घेतलं. एक मी, दुसरे विज्ञान शिकवणारे सर. दोघांतला मूर्ख कोण, याबद्दल तेव्हा मला काडीचीही शंका नव्हती. मी पुण्याहून गणिताची डिग्री घेऊन आलेला. ते सारंगखेड्याकडचे, गुजर शेतकऱ्याच्या घरातले, सकाळी केळीला पाणी लावून मग शाळेत येणारे. धोतराला चिखल, वय पंचेचाळिशीच्या पुढे. या गृहस्थांना कॉम्प्युटर घेऊन करायचंय काय, असं मी स्टाफरूममध्ये ते नसताना उघड म्हणायचो आणि बाकीचे मास्तर हसायचे. हसणाऱ्यांना स्वतःला तर लॉगच्या कोष्टकांचं पुस्तकसुद्धा उघडवत नसे.

साठीच्या दशकाची अखेर होती. मुंबईच्या एका संस्थेनं एक पुस्तिका आणि चौकटी छापलेले कागद पाठवले होते. एका चौकटीत एक इंग्रजी अक्षर, अशा आज्ञा लिहायच्या आणि कागद मुंबईला धाडायचा. तिथं कुणीतरी त्याप्रमाणे कार्डांना भोकं पाडून ती यंत्रात घालणार आणि यंत्राचं म्हणणं टपालानं आपल्याला कळणार. ते यंत्र आम्ही फोटोतही पाहिलेलं नव्हतं. गणित अगदी बाळबोध होतं, दहा शेतांतल्या कापसाच्या उताऱ्याची सरासरी काढायची. संधी दोनदा. ज्याचं बरोबर येईल त्याला सहा महिने मुंबईत शिकायला बोलावणार होते. हेडमास्तरांनी मात्र आधीच बजावलं होतं की रजा एकालाच मिळेल. मला ती जागा हवीच होती. याच फळ्यासमोर म्हातारं व्हायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

पाठवण्याआधी सरांनी त्यांचा कागद मला तपासायला दिला. पहिल्याच ओळीत, इंग्रजी अक्षरांत, श्री! आमच्याकडे किराण्याची यादीसुद्धा श्री लिहिल्याशिवाय सुरू होत नाही, तर कॉम्प्युटर कसा सुटणार? यंत्र ती आज्ञा समजणार आणि तिथंच अडून बसणार, हे मला लख्ख दिसलं. मी कागद परत दिला आणि ठीक आहे म्हणालो. सरांनी माझे आभार मानले.

तीन आठवड्यांनी दोन्ही पाकिटं आली. सरांच्या कागदावर एकच ओळ चूक दाखवली होती, पहिली. खालची प्रत्येक ओळ बरोबर. माझ्या कागदावर एकूण एक ओळ चूक होती. मला वाटलं, मुंबईवाल्यांचं यंत्रच बिघडलंय, आणि तसं मी ऐटीत सगळ्यांना सांगितलंही.

दुपारच्या सुट्टीत सर माझ्या शेजारी येऊन बसले.

"भाऊ, मन्हा कागद तुनी देखा व्हता ना?"

"पाहिला होता, सर. नजरेतून सुटलं."

 सरांनी माझा कागद पुढे ओढला आणि त्यांची पुस्तिका उघडली. वाचून वाचून तिची पानं सुटी झाली होती. माझ्या पुस्तिकेची, आज्ञांच्या यादीचं पान सोडलं तर, घडीही मोडलेली नव्हती. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. पहिल्या सहा चौकटी दुसऱ्या कामासाठी राखलेल्या असतात, आज्ञा सातवीपासून लिहायची. मी प्रत्येक ओळ पहिल्या चौकटीपासून सुरू केली होती. खेड्यातल्या मास्तरांसाठी छापलेलं ते चोपडं मी सगळं कशाला वाचू? मग सरांनी अख्खा कागद माझ्यासोबत बसून पुन्हा लिहून काढला. स्वतःच्या कागदावर त्यांनी श्रीच्या आधी, पहिल्या चौकटीत, सी हे अक्षर घातलं. अशी ओळ यंत्र वाचत नाही, सोडून देतं, हेही त्यांनी त्याच पुस्तिकेत शोधलं होतं. मला ते एवढ्या दिवसांत ठाऊक नव्हतं, तरी मी माहीत असल्यासारखी मान डोलावली.

दुसऱ्या खेपेला दोघांचंही बरोबर आलं. हेडमास्तरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. दोघं सारखेच, मग पाठवायचं कुणाला, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मला विचारलं की पहिल्या वेळी कुणाचं जास्त बरोबर होतं. सरांची एकच ओळ चुकली होती, एवढं बोललो असतो तर रजा त्यांना मिळाली असती. आणि तीही ओळ मी वेळेवर दाखवली असती, तर हा प्रश्नच उरला नसता.

"दोघांचंही चुकलं होतं," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी सरांकडे पाहिलं.

"खरं शे त्यानं म्हननं," सर म्हणाले. "धाडा त्याले."

हेडमास्तर माझा रजेचा अर्ज सही करायला घेत होते. मी मान खाली घालून उभा होतो. लाज वाटली म्हणून नव्हे. तोंडावरचा आनंद सरांना दिसू नये म्हणून.