वाइनोचा कॉफीचा डबा

आमच्या एस्कनाबा गावात वाइनो कांगस मेकॅनिककडे तेल बदलायला मोटरसायकल नेली की तासाभराआधी सुटका नाही. तेल तो वीस मिनिटांत बदलतो. उरलेला वेळ जुन्या फिल्टरचं पोस्टमॉर्टेम चालतं. पत्रा कापायचा, आतला घड्याघड्यांचा कागद ओढून वर्तमानपत्रावर पसरायचा आणि चष्मा कपाळावर ढकलून त्यात धातूचा कण दिसतो का ते बघायचं. मग त्या कागदाचा तुकडा कपड्याच्या चिमट्याने भिंतीवरच्या तारेला लटकवायचा, खाली नावाची चिठ्ठी. माझे सतरा तुकडे तिथे लटकताहेत. बायकोने लग्नाचे फोटोसुद्धा इतके लावले नाहीत.

मी काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो आणि माझं घर वाइनोच्या गॅरेजला लागून आहे, त्यामुळे त्याचं प्रवचन मला पाठ आहे. फिल्टर लावायचा तर गाडीच्या कंपनीचाच. बाहेरचा दिसला की हा नाक मुरडणार: कागद कमी, झडप कमजोर, पत्रा बेकरीतल्या पाईच्या चुरगळणाऱ्या थाळीइतका पातळ. एकदा मी म्हटलं, दोन्ही कापून शेजारी ठेव. काही बाहेरचे खरंच भिकार निघाले, काही कंपनीच्याइतकेच चांगले. एकात तर कागद जास्त निघाला. तो तुकडा वाइनोने लटकवला नाही. हट्टीपणात त्याचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही.

कोणी वाद घातलाच, तर तो वरच्या फळीवरच्या कॉफीच्या डब्याकडे बोट दाखवायचा. झाकण चिकटपट्टीने बंद, आत इल्माच्या मोटरसायकलचा फिल्टर.

इल्मा त्याची धाकटी बहीण, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात, रस्ते मोकळे झाल्यावर, तिने आठ डॉलरने स्वस्त असा बाहेरचा फिल्टर आणला आणि भावाला बसवायला लावला. वाइनोने कुरकुरत बसवला. दुसऱ्याच दिवशी ग्लॅडस्टनच्या रस्त्यावर फिल्टरपाशी तेल फवारलं, मागचं चाक माखलं आणि इल्मा गाडीसकट चरात गेली. खुबा मोडला, उजवं मनगट मोडलं. गाडी वाइनोनेच उचलून आणली, फिल्टर काढून डब्यात घातला आणि हा पुरावा आहे, याला हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. गावभर झालं की इल्माने आठ डॉलर वाचवले आणि हाडं मोडून घेतली. ती ऐकून घ्यायची, हसायचीसुद्धा. गाडी मात्र ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

यंदाच्या मेमध्ये तिने मला ती गाडी ट्रेलरवर घालून वाइनोकडे आणायला लावली. स्वतः चालत आली, काठी चार वर्षांपूर्वीच सुटली होती. हातात फिल्टर, तोही बाहेरचाच, शेंड्याला नट जोडलेला. साधा फिल्टर पट्ट्याने आवळून सोडवावा लागतो आणि तिच्या मनगटात तेवढा जोर राहिलेला नाही. नट असला की पाना लावून काम होतं.

वाइनोने हाताची घडी घातली. "हा मी लावणार नाही. कंपनीचा घे, पैसे मी देतो."

"पैशांचं नाही रे. पुढच्या वेळी मला माझ्या हाताने बदलता आला पाहिजे."

"एकदा पडलीस ते पुरे नाही झालं?"

तिचा चेहरा एवढासा झाला. मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा रे, गावातल्या प्रत्येकाचा फिल्टर तू कापतोस, बहिणीचा तेवढा सहा वर्षं झाकून ठेवलास. आज काप, बघू दे तिला काय फुटलं होतं ते. तो म्हणाला, पुरावा खराब होईल.

"डेलबर्ट, तो डबा काढ," इल्मा मला म्हणाली.

मी काढला, चिकटपट्टी ओढली. कापायची गरजच पडली नाही. फिल्टरच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते, ती इंजिनावर दाबून बसते. इथे दोन होत्या, एकीवर एक चिकटलेल्या. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळला गेला होता. असं झालं की तेल बाहेर येणारच, मग फिल्टर कंपनीचा असो की सोन्याचा. नवशिक्याची चूक. वाइनो तर जुनी रिंग निघाली हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट फिरवून दाखवतो.

तो स्टुलावर बसला.

"तुला माहीत होतं?" इल्माने विचारलं.

"गाडी आणली त्याच दिवशी कळलं." तो जमिनीकडे बघत होता. "तो फिल्टर बघून माझं डोकं फिरलं होतं. तुला बोलत बोलत बसवला. बोट फिरवायचं राहिलं."

सत्तावीस वर्षांची मैत्री, तरी खरं सांगतो, मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तो डबा तळ्यात फेकायला त्याला पाच मिनिटं लागली असती आणि त्याने फेकला नाही, हेही तेव्हाच मनात आलं.

इल्मा ओरडली नाही. "खुबा दोन वर्षांत बरा झाला, वाइनो. त्या आठ डॉलरची लाज मला आज सकाळपर्यंत वाटत होती."

मग तिने नटवाला फिल्टर त्याच्या मांडीवर ठेवला. वाइनोने सहा वर्षांपूर्वी इंजिनाच्या तोंडात कोंबलेलं फडकं काढलं, जागा तीनदा पुसली, बोट फिरवलं आणि बाजूला झाला. तिने स्वतःचं बोट फिरवून बघितलं. फिल्टर तिनेच बसवला, तेल त्याने ओतलं.

इल्मा गाडी चालवत निघून गेल्यावर वाइनोने त्या दोन रिंगा तारेवर, दाराजवळच्या पहिल्या चिमट्याला लटकवल्या. खालच्या चिठ्ठीवर तो इल्माचं नाव लिहील असं मला वाटलं, कारण तिथे नेहमी मालकाचं नाव असतं. त्याने स्वतःचं लिहिलं. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, आणि तो सगळं सांगतो. माझ्यासमोर अकरा वेळा सांगून झालंय, त्यात दोनदा इल्मासमोर.