आईंना किमोनो नेसवला तेव्हा

बसस्टॉपवर उभी होते आणि साताऱ्याहून दिरांचा फोन आला. आई गेल्या... झोपेतच. इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, माझी बस आली, दारं उघडली, मिटली, मी तिथेच. रडू आलंच, पण डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या किमोनोतल्या सासूबाई, आणि रडता रडता हसूही आलं.

दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचं मोडलेलं मनगट जुळलं होतं, पण बोटांत निऱ्या धरायची ताकद उरली नव्हती. पंजाबी ड्रेसचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. मी साडी नेसवते म्हटलं तर, "मी काय तान्हं बाळ आहे का?" घरातल्या प्रत्येक नवरीला, मलासुद्धा, शालू नेसवलेली ही बाई स्वतःला मात्र कुणाला हात लावू देईना. बाहेर चेरी फुललेली आणि आई गाऊनमध्ये, खिडकीशी. हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

इराच्या, माझ्या लेकीच्या, शाळेत जपानी मेळा होता. नातीपुढे आजीचं काही चालेना, म्हणून गाऊनवर माझा लांब कोट चढवून निघाल्या. एका वर्गात एक जपानी बाई हौशी मंडळींना किमोनो नेसवत होत्या. आईंनी रेशीम चिमटीत धरून पाहिलं आणि तिथून हलेचनात. हे सगळं एकटीने कसं जमतं, असं त्यांनी मला विचारायला लावलं. बाई जर्मनमध्ये म्हणाल्या, रोजचा जमतो, पण लग्नकार्यात नेसवायला कुणालातरी बोलावतात. मानाच्या दिवशी आपण नुसतं उभं राहायचं.

मी ते मराठीत सांगितलं. आईंनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. बाईंनी निळा किमोनो गुंडाळला, दोऱ्या बांधल्या, कमरेचा रुंद पट्टा पाठीमागे आवळला. आरशात आई इतक्या खूश दिसत होत्या की इराने टाळ्याच वाजवल्या. चार पावलं तुरुतुरु चालून म्हणाल्या, "ह्यात बस कशी गं पकडायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इरकल साडी घेऊन माझ्या दारात हजर. "नेसव. पण त्या बाईसारखं घट्ट आवळ."

निऱ्या चुकल्या, बोलणी खाल्ली, पुन्हा घातल्या. मग अख्खा उन्हाळा आम्ही दोघी गावभर हिंडलो. बाजारच्या चौकात आइस्क्रीम खाताना त्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायच्या, मी हसायची. सासू-सुनेत इतक्या गप्पा असतात हे मला तेव्हा कळलं.

त्यांना शेवटची साडी नेसवायला मी पोचले नाही, ही रुखरुख आहेच. पण परवा एका मुंजीला निघताना खांद्यावरची पिन मला लागेना. इरा दारातून बघत होती. "वार्ट, आई, इश माख दास," थांब, मी लावते, असं जर्मनमध्ये म्हणत तिने पिन काढून घेतली. मी काय तान्हं बाळ आहे का, हे अगदी ओठांवर आलं होतं... ते गिळलं आणि हात पसरून उभी राहिले. पिन जरा वाकडीच लागली. तशीच ठेवली.