झाडे सर आणि चौथी गल्ली

झाडे सरांना कोणी नुसता एक आकडा सांगितला तर त्यांचं समाधान होत नसे. माझी कळमेश्वरची बस सव्वानऊला पोचते असं मी म्हटलं की ते विचारायचे, "मागंपुढं किती?" घरी त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कुकर वीस मिनिटांत होतो म्हटलं तरी हाच प्रश्न येई. काकूच हसत ते सांगायच्या.

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात सर बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवत. सेंट्रल लिमिट थिअरमच्या दिवशी त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलंच नाही. घरून कॉलेजला यायला किती मिनिटं लागतात ते प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं. बहुतेक मुलं जवळच्या जरीपटक्यातली, पंधरा-वीस मिनिटांत पोचणारी. खापरखेडा, कळमेश्वरच्या आम्हा मोजक्यांचे आकडे मोठे. चिठ्ठ्या एका डब्यात गेल्या. प्रत्येकानं त्यातली एक काढायची, वाचून परत टाकायची, असं तीस वेळा करायचं आणि आलेल्या सरासरीच्या जागी फळ्यावर फुली मारायची. चिठ्ठ्यांचे आकडे एकीकडे कललेले होते. फुल्यांचा ढीग मात्र मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता झाला, देवळातल्या घंटेसारखा.

"एकटा आकडा कुठंही भटकते," सर म्हणाले. "तिसांची सरासरी कमी भटकते. पण भटकते. अन् किती भटकन, ते आपल्याले आधीच सांगता येते."

मी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत त्यावर पूर्ण गुणही मिळवले.

त्या उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या एका वस्तीत पाण्याची पाहणी करायचं काम सरांकडे आलं. एक संस्था तिथे नळ देणार होती. घरच्या बाईचा पाणी भरण्यात रोज किती वेळ जातो, ते कळलं की कोणत्या गल्लीला आधी द्यायचं हे ठरणार होतं. माझ्याकडे चार गल्ल्या आल्या, प्रत्येकीत चिठ्ठ्या टाकून निवडलेली पंचवीस घरं. पहिली गल्ली मी इमानदारीनं केली. सरासरी आली एक्केचाळीस मिनिटं. मग मे महिन्याचं ऊन सोसवेना. उरलेल्या तीन गल्ल्यांचे फॉर्म मी घरी कूलरसमोर बसून भरले. संशय येऊ नये म्हणून एक मोठा आकडा लिहिला की लगेच एक लहान लिहायची.

अहवाल जायला चार दिवस उरले असताना सरांनी मला बोलावलं. माझे कागद त्यांच्यासमोर होते. एक्केचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस.

"तुह्या सरासऱ्या लई शहाण्या हायेत वं," ते म्हणाले. "घराघरात एवढा फरक, म्हणजे पंचवीस घरांची सरासरी चार मिनिटांनी तरी इकडंतिकडं व्हाले पाहिजे. तुह्या जागच्या हलूनच नाही राहिल्या. गेली होतीस का?"

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत, आणि तेच मला जड गेलं. टोपी घेऊन ते उठले, आणि म्हणाले की चल, आता जाऊ.

तीन गल्ल्यांची पंचाहत्तर घरं आम्ही दोघांनी पुन्हा केली. सरांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दर थोड्या वेळानं ते सावलीला थांबत. चौथ्या गल्लीतल्या बायका पाण्यासाठी रेल्वेरुळापलीकडे दोनदा जात होत्या. तिथली सरासरी आली अठ्ठ्याहत्तर मिनिटं. शेवंताबाई नावाच्या बाईनं सरांना विचारलं, नळ नक्की येणार ना? सरांनी तिचा आकडा फॉर्मवर लिहिला आणि ते पुढच्या घराकडे वळले.

त्या कामात सहा दिवस गेले. प्राचार्यांनी आधीच सांगितलं होतं की आहेत ते आकडे पाठवून द्या, कोण तपासतं? सरांनी नकार दिला. अहवाल दोन दिवस उशिरा पोचला, तोवर संस्थेनं नळ दुसऱ्या वस्तीला देऊन टाकले होते. प्राचार्यांनी आम्हा विद्यार्थ्यांसमोर भर सभेत जाब विचारला. आपली देखरेख कमी पडली, एवढंच सर बोलले. विभागप्रमुखपद त्यांच्याकडून गेलं. मी मागच्या रांगेत बसून होते. उठावं असं दोनदा वाटलं, उठले नाही.

यंदा फेब्रुवारीत सर गेले. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तो उशीर कोणामुळं झाला, ते शेवटपर्यंत मले नाही सांगितलं त्यांनी."

"माझ्यामुळे, काकू," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

काकूंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले काहून सांगतेस? ज्यांचं पाणी गेलं, त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथ्या गल्लीत गेले. शेवंताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. गल्लीत आता नळ होता. मागच्या वर्षी आला, म्हणजे तीन वर्षं उशिरा. मी माझं नाव सांगितलं, सर गेल्याचं सांगितलं, आणि जे केलं होतं ते, सभेत उठले नाही त्यासकट, सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"तो मास्तर उन्हात उभं राहून सगळं विचारत होता," त्या म्हणाल्या. "तू मागं उभी होतीस. त्या सभेत बोलली असतीस, तर त्याच्या तरी कामी आलं असतं."