बाबली तांडेलाचा पांढरा मग

विजयदुर्गच्या बंदरात बाबली तांडेलाच्या जाळ्यांसारखी टिकाऊ जाळी कुणाची नव्हती. ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या लाल पाण्यात तो सुती जाळी स्वतः बुडवी. हात कोपरापर्यंत रंगत, तोंडातली विडी मात्र विझत नसे. म्हणून १९५८च्या पावसाळ्यात परसात लघवी लाल दिसली, तेव्हा तो बायकोला हसत म्हणाला, "अगो सुभद्रा, सालीचो रंग अंगात भिनलो!"

"दुखता काय?"

"दुखाक नाय, खुपाक नाय. मगे भियाचा कित्याक?"

चार दिवसांत रंग गेला. पावसाळा सरला आणि होडी पाण्यात उतरली. होडीवरची माणसं काठावरूनच लघवी करतात आणि समुद्र रंग दाखवत नाही. घरी पुन्हा लाल दिसलं, तेव्हा रक्ताच्या गुठळ्या पडत होत्या.

सुभद्रेने त्याला आगबोटीने मुंबईला नेले. डॉक्टरांनी मूत्रमार्गातून दिव्याची बारीक नळी घालून आत पाहिले.

"मूत्राशयात कर्करोगाची गाठ आहे. रक्त येतं, थांबतं, दुखत नाही. माणसं तिथेच फसतात."

गाठ त्यांनी नळीतूनच जाळली. निघताना बजावले, "ती पुन्हा उगवते. दर तीन महिन्यांनी आत पाहावं लागेल. वेळेत सापडली तर परत जाळू. खोल रुजली तर मूत्राशयच काढावं लागेल, आणि तेही जमेलच असं नाही. विडी बंद."

गावी येताच सुभद्रेने पांढरा एनॅमलचा मग आणला. "होडयेत ह्योच, घराकय ह्योच. रंग बघल्याशिवाय ओतू नकात."

"खलाशी हसतीत गो माका!"

"हसांदेत."

दोनदा तो तपासणीला गेला. दोन्ही वेळा आत काही नव्हते. तिसऱ्या खेपेला बांगडा पडत होता. "रंग साफ आसा. ही खेप ऱ्हवांदे," म्हणत त्याने टाळले. मग पावसाळा आला आणि आगबोट बंद झाली.

एका सकाळी सुभद्रा विहिरीवर गेली. काठावर मग पालथा होता, राखेने लख्ख घासलेला. ज्याने जन्मात स्वतःची चहाची कपबशी विसळली नव्हती, त्याने तो घासला होता.

बाबली ओसरीवर बसला होता.

"खरा सांगा. कधीपासून?"

तो समुद्राकडे बघतच म्हणाला, "बांगड्याच्या वेळेपासून."

"आगबोट नाय, पण एस.टी. आसा. फाल्या सकाळच्या गाडयेन निघाया."

मुंबईच्या प्रत्येक खेपेला त्याने भांडण काढले होते. आज तो नुसता "बरा" म्हणाला आणि भिंतीला हात टेकून, वाकूनच उठला.

"दुखता काय?" सुभद्रेने पुन्हा तेच विचारले, आणि या वेळी त्याने मान डोलावली.